रंग लावण्याआधी

म्हापशाला त्वचेच्या डॉक्टरांकडे तो माझ्या शेजारी बसला होता. पार्से गावचा, दशावतारी नाटकांत बायकांच्या भूमिका करणारा. गालांवर मुरुमांचे खोल खड्डे, पण भुवया रेखीव कोरलेल्या. बोलताना पदर सावरावा तसा हात खांद्याकडे जायचा. पावसाळ्यात नाटकं बंद, म्हणून लेझर आताच उरकायचं त्याने ठरवलं होतं.

नको तिथे नाक खुपसायची मला खोडच. म्हटलं, "एवढा जाड रंग थापता, त्याखाली खड्डे दिसतात कुणाला?"

तो रागावला नाही. "लोकांका रंगच दिसता. पण आमच्यात जो तो आपलो रंग आपणच लावता. त्याच्या आधी आरशात ह्या तोंड माकाच बघूचा लागता."

तेवढ्यात त्याला लेझरसाठी आत बोलावलं.

अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा चेहरा लालबुंद, सुजलेला होता. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता तोंड लपवत निघून जाईल. त्याने पिशवीतून रंगपेटीतला छोटा आरसा काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि दोन्ही गाल सावकाश न्याहाळले.

"खड्डे आसत अजून," तो काउंटरवरच्या बाईंना म्हणाला. "फुडली तारीख द्या."