दोन्ही हात मावतील असा फोन

"बाई, तुमचा फोन माह्या बहिणीचे हात कापून राह्यला."

देवाजीकाका दुकानाच्या पायरीवर काठी टेकवून उभे होते. मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. जुन्या फोनची काच तडकली की बोट कापू शकतं. माझ्या डोक्यात तेच आलं.

"काच फुटली का काका? खूप लागलं का त्यांना?"

"काच नाई फुटली."

"मग?"

"हात कापते. इथून." त्यांनी तळहाताची कड आपल्या कोपरावर ठेवली. मग दुसऱ्या कोपरावर. "दिसतच नाई पुढचं."

मला काही कळेना. मी त्यांना स्टूल दिलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. पवनारहून ऑटोने आले होते, आणि स्टुलावर बसायलाही त्यांना वेळ लागला.

वर्ध्याला नालवाडीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय केल्यावर काही वर्षं मी नागपूरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते, नंतर स्वतःचं काम सुरू केलं. दुरुस्तीबरोबर मी जुने फोनही विकते. बॅटरी बदलायची, चार्जिंगची पिन साफ करायची, आधीच्या मालकाचे फोटो पुसायचे आणि काउंटरवर ठेवायचे. घेणाऱ्यांचा प्रश्न एकच असतो, दोघांतला कोणता घेऊ? उत्तर द्यायला मी एक वही ठेवली आहे. पानाच्या मधोमध रेघ मारते, इकडे एक फोन, तिकडे दुसरा. त्या वहीचा मला जरा अभिमानच होता.

आठ दिवसांपूर्वी काका आले तेव्हा काउंटरवर दोन फोन होते, एक काळा आणि एक सोनेरी. दोन्ही पाच-सहा वर्षांचे आणि नवे होते तेव्हाही स्वस्तातलेच. सोनेरी फोन थोडा कमी किमतीचा.

"कोणासाठी पाहिजे काका?"

"बहिणीसाठी. श्यामजीपंताच्या तळेगावले राह्यते."

"काय करायचं असतं त्यांना फोनवर?"

"बोलायचं. माह्यासंगं. रोज, व्हिडिओवर."

"वय?"

"माह्याहून दोन वर्सानं मोठी."

बस, तेवढ्यावर मी रेघ मारली. काळ्याची रॅम जास्त होती. रॅम म्हणजे फोनचा ओटा. ओटा मोठा असला की चार भांडी मांडून काम करता येतं, लहान असला की एक उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. काळ्याची बॅटरी मोठी, स्क्रीन स्वच्छ, पुढच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल जास्त, आणि स्पीकर तर दणदणीत. सोनेरीची पाठ ओरखड्यांनी भरलेली, आवाज चिरका. वयस्कर माणसाला फोन द्यायचा म्हणजे आवाज मोठा हवा, हे मी न विचारताच ठरवलं. काळ्याची रिंगटोन पूर्ण आवाजात वाजवून दाखवली. काका दचकले.

"आवाजाचं काई नाई बाई," ते म्हणाले.

मला वाटलं, भिडस्त माणूस आहे. मी काळा फोन खोक्यात घालून दिला. त्यांचा भाचा तो तळेगावला घेऊन गेला.

आता काकांनी स्वतःचा फोन काढला आणि माझ्यासमोर बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर एक गोरी, सुरकुतलेली बाई आली. पांढरे केस, ठसठशीत कुंकू नाही पण कपाळावर गोंदण. भावाला पाहून ती अशी हसली की मीही हसले. मग ती बोलायला लागली.

हातांनी.

दोन्ही हात छातीशी आले, वर गेले, बाजूला पसरले आणि स्क्रीनच्या कडेला नाहीसे झाले. परत आले, खाली गेले, पुन्हा नाहीसे. चेहरा मात्र एकदम स्पष्ट. कपाळावरचं गोंदण मोजता येईल इतका.

"जन्मापासून ऐकू येत नाई गिरजाले," काका म्हणाले. "तेव्हा शाळा कुठची तिच्यासाठी? ही भाषा आमच्या घरची हाये. माय होती तवा तिघं होतो बोलणारे. आता मी अन् ती."

मला माझ्या दणदणीत स्पीकरची लाज वाटली.

"काका, तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. बोलायचं म्हणून."

ते खरंच होतं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी सगळं सांगितलं होतं.

"आठ दिवसांपासून ती एकच गोष्ट सांगून राह्यली," काका पुढे म्हणाले. "पायाचं कायतरी हाये. हात खाली नेते अन् गायब. मंग मी इचारतो, परत सांग. ती परत सांगते. मंग चिडते. काल तर तिनं फोन पालथा टाकला. डॉक्टरनं मले दोन महिने बसमधी बसू नको म्हणून सांगतलं. नाईतर मी काय इथं बसलो असतो?"

मी कामाला लागले. पहिला उपाय सोपा, तिला मागे सरकायला सांगा. काकांनी हातांनी सांगितलं. ती सरकली आणि दोन पावलांत ओट्याला टेकली. स्वयंपाकघर लहान, फोन फळीवर डब्याला टेकवलेला, आणि घरात रेंज येते ती नेमकी त्याच फळीपाशी.

"मग मागचा कॅमेरा लावू द्या. तो जास्त दाखवतो."

"मंग तिले मी कसा दिसन?"

बरोबर होतं. फोन उलटा केला तर स्क्रीन भिंतीकडे. एकानेच बोलायचं, दुसऱ्याने नुसतं पाहायचं. ते बोलणं झालं नसतं.

सोनेरी फोन अजून काउंटरवरच पडून होता. मी तो पुढच्या कॅमेऱ्यावर लावून उभा केला आणि त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. दोन्ही हात बोटांसकट दिसत होते. खाली कंबरही दिसत होती. काका उठून बघायला आले.

पुढे मी त्यांना समजावलं ते इथेही सांगते, कारण फोन घेताना भलेभले इथे फसतात. मेगापिक्सेल म्हणजे चित्र किती बारीक येणार. चित्रात किती जागा मावणार, हे भिंग ठरवतं. काळा फोन म्हणजे लख्ख काचेची लहान खिडकी. सोनेरी म्हणजे धुरकट काचेची मोठी खिडकी. तो फोन निघाला होता तेव्हा कॉलेजची सात-आठ मुलं एका सेल्फीत मावावीत म्हणून त्याला रुंद भिंग बसवलं होतं. ती फॅशन गेली, फोन पडून राहिला. माझ्या वहीत या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

मी तळेगावला गिरजाबाईंच्या सुनेला, वैशालीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती काळा फोन घेऊन हजर झाली. शेतावरची कामं टाकून आली होती. आल्या आल्या म्हणाली, "सासूबाईची भाषा मले येत नाई असं नाई हो. जेवण, पाणी, दुखते, नाई दुखत, एवढं समजते. पण आता काय म्हणून राह्यल्या तेच नाई समजून राह्यलं."

"पायाचं काही?"

"हो ना. तळपाय दाखवते. मी पाह्यला, टाचेले बारीकशी भेग हाये. दुखते का इचारलं, तर नाई म्हणते. मले वाटलं चप्पल झिजली म्हणून दाखवून राह्यल्या. नवी चप्पल आणली. फेकून देल्ली. मंग वाटलं, रंग नाई आवडला. दुसरी आणली." वैशालीने कपाळाला हात लावला. "ती अंगणात गेली."

मी हसले. तीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. "आठ दिवसांपासून नीट जेवत नाई हो त्या," ती म्हणाली.

मी सोनेरी फोनमध्ये सिम घातलं, काकांचा नंबर फोटोसकट पहिल्या पानावर आणून ठेवला. गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण भावाचा फोटो ओळखता येणार होता. रिंग वाजल्यावर फ्लॅशचा दिवा लुकलुकेल अशी सेटिंग लावली. आणि वैशालीला एक काम सांगितलं. "बल्ब त्यांच्या पाठीमागे असेल तर त्याची जागा बदला. उजेड त्यांच्या तोंडासमोरून यायला पाहिजे." उजेड कमी असला की कॅमेरा एकेक चित्र सावकाश घेतो, तेवढ्यात हात हलला की नुसता फराटा दिसतो.

"वरून किती द्यायचे?" वैशालीने विचारलं.

"हा स्वस्त आहे. मीच परत द्यायला पाहिजेत."

वैशाली दुपारच्या बसने परत गेली. काका चार वाजताच दुकानात येऊन बसले. मी एक डिस्प्ले बदलायला घेतला होता, पण लक्ष लागत नव्हतं. साडेचारच्या सुमाराला फोन आला.

या वेळी गिरजाबाई कमरेपर्यंत दिसल्या. चित्र जरा धुरकट होतं, पण हात पूर्ण. काकांनी स्वतःचा फोन माझ्या काउंटरवर उभा केला आणि दोन्ही हात मोकळे केले. मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं मी लोकांना फोनवर बोलताना पाहते आहे. इतक्या घाईने, इतक्या आनंदाने बोलणारी माणसं मी पाहिली नव्हती. काकांचा चेहराच बदलला. ते भिवया उडवत होते, गाल फुगवत होते, मध्येच हसत होते. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि बघतच राहिलं.

मग गिरजाबाईंनी अंगठा कपाळावर गोल फिरवला. ओट्यावर टेकून पाऊल मांडीवर घेतलं, आता तेही दिसत होतं. टाचेवर नखाने जोरात टोचलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा टोचलं. नाही. मग चिमटीने काहीतरी जिभेवर ठेवल्यासारखं केलं.

काकांचे हात हवेत थांबले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"आमच्या मायचं कुंकू लय मोठं होतं. कपाळावर असं केलं का माय समजायचं." काकांनी अंगठा स्वतःच्या कपाळावर गोल फिरवला. "ती म्हणते, मायसारखाच माहा पाय झाला. टोचलं तरी समजत नाई. जिभेवरचं ते म्हणजे साखर, मायले शुगर होती. जखम झाली ते तिलेच माहीत नव्हतं, दुखतच नव्हतं ना. त्यातच गेली. तिचा पाय गिरजाच धुवायची."

वैशाली तिकडे फोनच्या बाजूला उभी होती. तिने सगळं ऐकलं. 'दुखत नाही' हे गिरजाबाई तिला आठ दिवस सांगत होत्या, आणि ते तिला बरोबर समजलंही होतं. पण ती त्याला चांगली बातमी समजली होती.

"मामाजी," ती म्हणाली, "सकाळीच नेतो मी त्यायले."

दुसऱ्या दिवशी ती आणि तिचा नवरा त्यांना गाडी करून वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन आले. शुगर खूप वाढलेली निघाली. वरून भेग बारीक दिसत होती, आत पू पायाच्या कडेने करंगळीपर्यंत सरकला होता. डॉक्टरांनी करंगळी काढली. पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर पायही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी बदलायची तारीख असली की गिरजाबाई सोनेरी फोनवरून भावाला पाय दाखवत. वैशालीने त्यांच्या भाषेतल्या पंधरा-वीस खुणा नव्याने शिकून घेतल्या. काका रोज संध्याकाळी व्हिडिओवर तिची शिकवणी घ्यायचे आणि चुकली की ती दोघं भावंडं मिळून तिला हसायची, असं वैशालीच मला सांगत होती.

काळा फोन मी पुढच्याच आठवड्यात इथल्या एका वॉचमनला विकला. त्याला कमी ऐकू येतं. त्याची अजून तक्रार नाही.

अडीच महिन्यांनी काका आणि गिरजाबाई दोघं दुकानात आले. काकांच्या हातात काठी, गिरजाबाईंच्या पायात दवाखान्याने दिलेली मऊ सँडल. गिरजाबाईंनी माझं दुकान नीट पाहिलं. ड्रॉवर उघडायला लावला, मला काम करताना पाहिलं. मग माझ्याकडे बघत दोन बोटांनी बारीकसा स्क्रू पिळल्यासारखं केलं आणि नाकावर नसलेला चष्मा वर ढकलला. काका हसायला लागले.

"तुमचं नाव ठेवलं तिनं. आजपासून आमच्या भाषेत तुम्ही हे."

काम करताना मी दर दोन मिनिटांनी चष्मा वर ढकलते, हे मला माहीत नव्हतं.

वहीत मी आता एक रकाना वाढवला आहे. जुना फोन देण्याआधी विचारते, तो कोण वापरणार, आणि ते माणूस बोलतं कसं? बहुतेक जण माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात आणि सांगतात, तोंडाने. विचारायला दोन सेकंद लागतात. मी विचारलं नव्हतं, तेव्हा आठ दिवस गेले होते.