आई कोठ्यात, चेन माह्या हातात

यंदाच्या उन्हाळ्यात सांजच्या वाऱ्यानं आमच्या आंब्याची अख्खी फांदी मोडली आन् बरोबर गुरांच्या कोठ्याच्या दारावर पडली. आत आई होती. आन् गाय होती, पहिल्या वेताची, कळा देऊन राहिली होती! दार बोटभर उघडे, बस. त्या फटीतून आईचा आवाज तेवढा येऊन राहिला होता.

बाबांनी पेट्रोलवाली कटर मशीन चालू केली. अर्धी फांदी कापली आन् खट्ट! फांदीत झुल्यासाठी कधीचा ठोकलेला खिळा होता. मशीनची दातांची चेनच तुटली.

"नवीन चेन टाक," बाबा मले म्हणाले आन् सोता कुऱ्हाड घेऊन बारक्या डांग्या तोडाले लागले.

मी! मी त निस्ते व्हिडिओ पाहिले होते! दोन नट सोडले, झाकण काढलं, तुटलेली चेन फेकली, नवीन चेन मशीनच्या लांब पट्टीवर चढवली.

"काय करून राहिले जी?" आतून आई. "वासराचे पाय दिसून राहिले!"

"चेन लावून राहिली मी!"

"मंग लाव ना वं लवकर! मोबाईलवर त लय बोटं चालतेत तुही!"

बाबांनी वाकून पाहिलं. "दात कोनीकडं हायेत?"

वरचे दात माह्याकडंच तोंड करून! उलटी लावली होती. तशी चालवली असती त धूर निघाला असता, फांदी नसती कापली. काढली, फिरवली, दात पट्टीच्या टोकाकडं केले, झाकण बसवलं. मंग तानाचा स्क्रू घाईघाईत एवढा पिरगाळला का चेन जागची हलेच ना.

"खाट विनून राहिली का?" बाबा म्हणाले. "ढील दे. हातानं ओढली त फिरली पाह्यजे, पन खाली लोंबली नाही पाह्यजे."

ढील दिली. लोंबली. पट्टीचं टोक वर उचलून धरलं, जराशी तानली. सर्रकन फिरली! नट टाइट! "झाली बाबा, झाली!"

बाबांनी मशीनची दोरी धरली.

"थांबा!" आई. "डोस्कं बाहेर येऊन राहिलं. आवाजानं गाय भेली त उठून उभी राहीन ते!"

आता? सगळं तयार आन् दोरी ओढता येईना. मी फटीले डोळा लावला, आईची पाठच दिसे. मंग मी मशीनपाशी आली, हातमोजा घालून चेन ओढून पाहिली. बरोबर होती. पुन्हा पाहिली.

"बस ना एका जागी," बाबा हळूच म्हणाले. पन त्यांच्यानंही दोरी सोडवत नव्हती.

मंग आत धप्प झालं. मंग काहीच नाही.

"आई?"

तनसाच्या पेंढीनं घसघस पुसल्याचा आवाज. आन् मंग एक बारीकशी शिंक.

"कारवड हाय!" आई ओरडली, हासून राहिली होती. "दोघीइले मांगच्या कोपऱ्यात नेते, मंग कापा. का मलेबी इथंच तनस टाकता?"