कशावरून बाई

आमच्या बाईंना साधा नमस्कार केला तरी त्या क्षणभर रोखून पाहायच्या. हिला काय हवंय, असा भाव. मूळच्या मराठी, पण जयपूरच्या एका मेडिकल कॉलेजात त्या मेडिसिन शिकवायच्या. दूधवाला, नवी औषधं, परदेशी पुस्तकं, कशावरच त्यांचा विश्वास नसे, आमच्या उत्तरांवर तर मुळीच नाही. कुणी रोगाचं नाव घेतलं की हिंदी मुलांना त्या विचारत, "कैसे मालूम?" माझे वडील फौजेत, घर साताऱ्याचं, हे कळल्यापासून माझ्या वाट्याला मात्र अस्सल मराठी "कशावरून गं?" आलं.

रोज सकाळी तासभर त्या आम्हाला वॉर्डात खाटेपाशी उभं करायच्या. आधी डोळे वापरायचे, मग हात, आणि तोंड सर्वांत शेवटी. "तुमचं तोंड फार घाई करतं," असं त्यांचं म्हणणं. धीर करून कुणी "माहीत नाही" म्हटलं की त्यांची कळी खुलायची. "पास! मतलब, आता तरी नीट बघशील."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात कॉम्प्युटर आला. त्यात परदेशी प्रोग्राम होता. लक्षणं टाइप केली की तो रोग सांगायचा. त्याला एक्स्पर्ट सिस्टिम म्हणत. प्रिन्सिपलसाहेब हरखून गेले. सकाळच्या तासाला मुलं आता वॉर्डाऐवजी कॉम्प्युटरपुढे बसतील, असं त्यांनी जाहीर केलं. त्या एसी खोलीत चपला काढून जावं लागे. "पेशंटजवळ जाताना काढत नाही आपण, इथे कसली पूजा आहे?" बाई कुरकुरल्या. त्या तासात त्यांचा जीव होता. तो गेला तर आपण शिकवायचं तरी काय, असं त्यांनी साहेबांना तोंडावर विचारलं. साहेब नुसते हसले.

पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. वॉर्डात डुंगरपूरकडचा एक मजूर होता. घोट्याशी सूज, टरारलेला फोड, आग आणि थोडा ताप. कॉम्प्युटर विचारी आणि मी केसपेपर बघून उत्तरं टाइप करी. शेवटी पडद्यावर निदान उमटलं: गळू, चिरा द्यावा. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागून आवाज आला, "कैसे मालूम?"

"मॅडम, अब मशीन से भी पूछेंगी?" साहेब म्हणाले.

"मशीन से नहीं, आप सबसे. पाँव किसने देखा?"

आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

बाई तडक वॉर्डात गेल्या, आम्ही मागोमाग. तिथे कॉम्प्युटरचं निदान फोनवरून कळून चिरा द्यायची तयारी चालली होती. ती थांबवून त्या मजुराशेजारी बसल्या.

"पानी कहाँ का पीते हो?"

"बावड़ी रो, बाईसा."

बाईंनी बादलीभर पाणी मागवून त्याचा पाय त्यात सोडायला लावला. थोड्या वेळाने फोड फुटला आणि पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर डोकावलं. नारू होता, बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पाण्यातून अंगात शिरणारा लांबलचक जंत. चिरताना तुटून आत राहिला असता तर पाय गमवायची पाळी आली असती. पाय पाहिला असता तर आमच्यातल्या कुणीही तो ओळखला असता. प्रोग्राम करणाऱ्यांच्या देशात नारू नव्हता, म्हणून त्यांनी तो त्यात घातलाच नव्हता.

परतताना बाई मला म्हणाल्या, "त्याला नारू ठाऊक नव्हता, हा त्याचा दोष नाही गं. पण ज्याला 'माहीत नाही' म्हणताच येत नाही, त्याला मी पेशंटजवळ कशी जाऊ देऊ?"

तास वाचला. साहेबांना पटलं म्हणून वाचला, की मे महिन्यात एसी बंद पडून कॉम्प्युटरनेच मान टाकली म्हणून, याची मला अजून शंका आहे. बाईंच्या हाताखाली शिकल्यावर एवढी शंका यायचीच.

पुढे मी डॉक्टर झाले आणि बऱ्याच वर्षांनी बाई माझ्याच वॉर्डात दाखल झाल्या. रिपोर्ट त्यांनी बाजूला सारले. "तू बघ," म्हणाल्या. मी पोट तपासलं. बोटांना जे लागलं, ते मला कबूल करायचं नव्हतं. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

"बाई, तुम्ही बऱ्या व्हाल," मी घाईने म्हटलं.

"कशावरून गं?"

बरं होण्याचं मला एकही लक्षण सांगता येईना. "माहीत नाही," मी म्हटलं, आणि रडू आवरेना.

माझा हात अजून त्यांच्या पोटावरच होता. त्यावर आपला हात ठेवून बाई म्हणाल्या, "पास."