रस्सीच्या वरच्या टोकाला देवराव भाऊजी

देवराव भाऊजी गेल्याची बातमी मला कोणी आणून दिली नाही, मलाच ती दुसऱ्याला नेऊन द्यावी लागली. दुपारची वेळ होती. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते, आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मालक, बाहेर डॉक्टरांशी बोलत होते. आठवडाभर भाऊजींचा श्वास करवतीसारखा चालला होता, तो एकदम हलका झाला. मला वाटलं, उतार पडला. खूश होऊन हाक मारली, "भाऊजी..." तर ते केव्हाच गेलेले. मग काय, रडारड झाली, माणसं जमली, आणि त्या गडबडीत मला एकदम आठवलं, कौसाबाईला सांगायला पाहिजे. सायकलरिक्षा करून क्वार्टरच्या लाइनीत आले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, "आत्ताच वं." तिनं ते लुगडं परत बादलीत टाकलं, दाराला कडी घातली आणि माझ्यासोबत रिक्षात बसली. रडली नाही. फक्त माझा हात धरला होता, इतका घट्ट की बांगड्या रुतल्या.

तेरवीला आलेले लोक मला विचारत होते, ही बाई कोण, तुमच्या नात्यातली का? नात्यातली नाही. पण भाऊजींबद्दल लिहायचं आणि तिला सोडून लिहायचं, ते काही मला जमणार नाही. म्हणून जरा मागून सांगते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी शाळेत जाणारे पोर होते, उमरेडहून पहिल्यांदा नागपूरला आलेले, बस लागायची म्हणून रस्ताभर लिंबू हुंगत आलेले. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा त्यांना न्हाऊ-माखू घालण्यापासून सारं माझ्याकडे आलं. मोठे झाले तसे आगीच्या बंबावर फायरमन म्हणून लागले, आणि त्यांना स्टेशनामागे क्वार्टर मिळालं तेव्हा आम्ही सारेच तिथं राहायला गेलो. मालक मिलमध्ये, भाऊजी बंबावर. घंटा वाजली की घास ताटात टाकून पळायचे. परत आले की अंगाला धुराचा वास असायचा, तो साबणानं निघायचा नाही. त्यांच्यासोबतच लागलेला मोतीराम म्हणून एक होता, शेजारच्याच खोलीतला. दोघांची जोडी अशी की एक बंबावर चढला नाही तर दुसरा ड्रायव्हरला निघू द्यायचा नाही. मोतीराम भारी थट्टेखोर. माझ्या हातची भाकरी खाऊन म्हणायचा, "वहिनी, ही भाकर आगीत टाकली नं, तर आगच विझन." त्याची बायको म्हणजे ही कौसाबाई. लग्न होऊन आली तेव्हा इतकी लहानखुरी होती की मोतीरामाचे बूट उचलताना दोन्ही हात लावायची.

मोतीराम गेला तो आगीत नाही, विहिरीत. कळमेश्वरकडच्या एका संत्र्याच्या बागेत, ऐन उन्हाळ्यात. गाळ काढायला दोन मजूर विहिरीत उतरले होते, आणि पाणी उपसायचं इंजिन आतल्या कपारीवरच ठेवून चालवलेलं. त्याचा धूर खाली साचला आणि दोघं मजूर तिथंच पडले. बंब गेला. नाकातोंडाला ओला पंचा बांधून मोतीराम उतरला, रस्सी वरून भाऊजींच्या हातात. दोन्ही मजूर निघाले, वाचले. मोतीराम निघाला तो मेलेला. भाऊजींनीच येऊन कौसाबाईला सांगितलं, मी तिच्या बाजूलाच होते. म्हणाले, "त्याले काही समजलंच नाही बाई. गेला तो एकदम गेला." तेवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले. त्यानंतर त्यांच्या लग्नाचं नाव काढलं की ते उठून जायचे. मालकांनी मुली पाहिल्या, मी रडले-रागावले, काही उपयोग झाला नाही. कौसाबाईला स्टेशनातच झाडलोटीचं काम दिलं, म्हणून तिची खोली सुटली नाही. भाऊजी तिचं पाणी भरून द्यायचे, कौलं शाकारून द्यायचे, पण तिच्यासमोर कधी बसायचे नाहीत. उभ्या उभ्याच बोलायचे, तेही जमिनीकडे पाहून. इतकी वर्षं असंच गेलं.

मग आमच्याकडे टीव्ही आला. साऱ्या लाइनीनं वर्गणी करून घेतलेला, काळा-पांढरा, स्टेशनातल्या हॉलमध्ये ठेवलेला. त्या वर्षी दर रविवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. मुंबईतले पोलीस, आगवाले आणि अँब्युलन्सवाले यांची. आपली मालिका म्हणून सारी लाइन दिवा लावायच्या आधीच सतरंजीवर हजर. आणि मग जी काही मजा! बंबाचा जुना ड्रायव्हर गणपत, तो पडद्याशीच भांडायचा. "अबे, आगीतून निघाला अन् भांग तसाच्या तसा? कोणतं तेल लावते गा हा?" इन्स्पेक्टर पळायला लागला की म्हणायचा, "ह्याची टोपी कधी पडत नाही, खिळा ठोकला असन." कौसाबाई त्याला ऐकवायची, "गणपतभाऊ, तुम्ही चूप बसा नं. त्याईचा बंब हाक मारली का निघते. तुमच्या बंबाले आम्ही बायका धक्का मारतो तवा निघते." सारा हॉल हसायचा. भाऊजीसुद्धा हसायचे, मागं दाराशी उभे राहून.

एका रविवारी मालिका अशा जागी थांबली की कोणी हसलं नाही. त्यातला तरुण फायरमन कुठल्याशा कारखान्याच्या खोल टाक्यात उतरतो, आत गॅस असतो, वर त्याचा साथीदार रस्सी धरून. साथीदार हाका मारतो, खालून उत्तर येत नाही, आणि तिथंच संपलं, बाकीचं पुढच्या आठवड्यात. हॉलमध्ये कोणी उठेना. कोणी कौसाबाईकडे पाहीना. तीच उठली, सतरंजी झटकली आणि गेली.

तो आठवडा लाइनीत कोणी मालिकेचं नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी माझी अपेक्षा होती की ती येणार नाही. तर सगळ्यांच्या आधी येऊन अगदी पुढं बसलेली. आणि मालिका लागायच्या वेळेला पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज घरघर, चित्र काही नाही. गणपत ओरडला, "अँटेना फिरला, कोणी चढा रे वर!" तर वरून भाऊजींचा आवाज, "मी चढलोच हाव, फिरवून राहिलो." आगवाल्यांच्या घरी शिडीला काय तोटा. मी बाहेर येऊन पाहिलं तर भाऊजी हॉलच्या छतावर, अँटेनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे. फिरवत नव्हते. नुसता धरून ठेवला होता, उलट्या दिशेला. खालून आरोळ्या, "आलं नाही, देवराव! डावीकडं घे!" आणि हे वरून म्हणतात, "हाव, घेतो." घेत मात्र नव्हते.

माझ्या मागून कौसाबाई आली. काष्टा खोचला आणि शिडीला हात घातला. मी म्हटलं, "कुठं चाललीस वं?" ती म्हणाली, "शिडी धरा." मी धरली. काय करणार... तिथं उभी होते म्हणून सारं माझ्या कानावर पडलं.

वर गेल्यावर ती म्हणाली, "भाऊ, सोडा तो दांडा."

"हवेनं फिरला बाई. नीट करून राहिलो."

"हवा कुठं हाय? झाडाचं पान हालत नाही." मग म्हणाली, "मले पाहू द्या नं भाऊ. त्याले काय झालं थे मले कोणीच सांगत नाही. टीव्हीत तरी दिसन."

"टीव्हीत खोटं असते."

"तुम्ही सांगितलं थे खरं होतं काय मंग?"

मग भाऊजी बोलायला लागले. मी त्यांना लहानाचं मोठं केलं, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "एकदम नाही गेला बाई. दोन्ही मजूर बांधून दिले त्यानं. मंग रस्सी त्याच्यासाठी खाली सोडली. मी म्हटलं, मोत्या, बांध लवकर. तर म्हणते, बांधतो नं गा, घाई काहून करून राहिला. मंग म्हणते... थोडा बसतो. अन् मी..." इथं ते थांबले. "मी म्हटलं, बस. मले वाटलं दमला. दोन माणसं बांधून दिली, दमला असन. मी म्हटलं, बस थोडा. मी त्याले बसू दिलं बाई. मंग रस्सी हालवली तर खालून तो हालवे. पुन्हा हालवली तर जरा हालली. मंग नाही हालली."

मी शिडी धरून खाली उभी. आतून कोणाचं तरी लेकरू रडत होतं. कौसाबाईनं एवढंच विचारलं, "इतकी वर्षं हे मनातच ठेवलं?" आणि ती उतरायला लागली. भाऊजींनी बहुतेक दांडा सोडला असेल, कारण हॉलमधून एकदम गलका झाला, "आलं! आलं!" तोवर मालिका संपून बातम्या लागल्या होत्या. तो टाक्यातला फायरमन वाचला म्हणे, पुढच्या रविवारी कळलं. गणपत म्हणाला, "मालिकेत वाचतेच." आणि उठून बाहेर गेला.

त्यानंतर कौसाबाई भाऊजींशी बोलेना. साऱ्या लाइनीचं अंगण झाडायची, आमच्या दारापर्यंत आली की झाडू उचलून पुढं जायची. पाणी स्वतः भरायला लागली. मी एकदा तिला गाठून म्हटलं, "कौसा, भाऊजींनी जाणून केलं काय वं?" तर म्हणाली, "जाणून नाही केलं, थे मले समजते बाई. पण मी इतकी वर्षं त्याले एकदम मेला समजून रडली. तो तर बोलत होता." भाऊजी तर तिची वाट सोडून मागच्या दारानं जायला लागले. जेवण कमी झालं, खोकला लागला. छातीत धूर बसला असं डॉक्टर म्हणायचे. मला विचाराल तर धूर एकट्यानं एवढं करत नाही.

पूर्ण हिवाळा गेला. आणि उन्हं तापायला लागली तेव्हा एका रविवारी संध्याकाळी ती आली. भाऊजी अंगणात बाजेवर बसले होते, घाईनं उठायला लागले. ती म्हणाली, "बसा." आणि समोर पायरीवर बसली. "पुन्हा सांगा एकडाव."

भाऊजींनी सांगितलं. तिथंच अडखळले, तिथंच थांबले, पण सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "थोडा बसतो म्हणाला, थे कसं म्हणाला? रागानं?"

"नाही. हासून. त्याच्या सवयीनं."

"म्हणून दाखवा."

आणि भाऊजींनी मोतीरामासारखं म्हणून दाखवलं. जरा नाकातून, शेवटचं अक्षर लांबवून. मी खिडकीच्या आत चहा गाळत होते, माझा हात थांबला. कौसाबाईनं डोळे मिटले होते.

मग ते नेमानं सुरू झालं. मालिका बंद झाली, दुसऱ्या लागल्या, दोघंही टीव्ही पाहायला जात नसत. रविवारी ती यायची, पायरीवर बसायची, भाऊजी सांगायचे. एक शब्द इकडचा तिकडं नाही. कधी मला वाटायचं, पुरे करा आता, कशाला ती जखम पुन्हा पुन्हा उघडता. एकदा म्हटलंही. तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तिले त्याचा आवाज पाह्यजे. अन् तो माझ्याजवळ हाय. मी कसा नाही म्हणू?" मी पुन्हा बोलले नाही. त्या अंगणात मी दोघांनाही कधी रडताना पाहिलं नाही. "मी म्हटलं, बस" हे सांगताना मात्र भाऊजी दर वेळी थांबायचे आणि ती दर वेळी वाट पाहायची. एवढ्या वर्षांत ती कधी म्हणाली नाही की जाऊ द्या, ते नका सांगू. माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. तिनं केलं की नाही, मला खरंच माहीत नाही.

आता आम्हाला क्वार्टर सोडायचं आहे. नोकरीवाला माणूसच राहिला नाही. भांडी बांधून ठेवली आहेत, कन्हानला मालकांच्या चुलत पुतण्याकडे एक खोली पाहिली आहे. गेल्या रविवारी अर्धं सामान अंगणात काढलं होतं, तेव्हा कौसाबाई आली. मला वाटलं बांधाबांधीला आली. तर पायरीवर बसली. मी म्हटलं, "चहा ठेवते." ती म्हणाली, "नोको. तुम्ही खिडकीतून ऐकत होत्या नं बाई? मले माहीत होतं. सांगा आता."

मी बाजेच्या कडेला बसले. सांगायला लागले. दोन मजूर बांधून दिले, रस्सी खाली सोडली, घाई काहून करून राहिला... सारं नीट येत होतं. पुढं आलं तेव्हा मी थांबले. मनात आलं, भाऊजी गेले, आता ते एक वाक्य त्यांच्या माथी कशाला ठेवायचं? कोण विचारणार आहे? गाळून टाकावं. कौसाबाई माझ्याकडे पाहत होती. वाट पाहत होती. मी म्हटलं, "अन् देवराव म्हणाले, बस."

"हं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "थोडा बसतो, थे कसं म्हणाला?"

मोतीरामाचा आवाज मला आठवत नाही हो. कुठून आठवणार इतक्या वर्षांनी? मला आठवतो तो भाऊजींचा, या बाजेवर बसून मोतीरामासारखं म्हणून दाखवणारा, जरा नाकातून, शेवटचं अक्षर लांबवून, आणि त्यात मधेच येणारी त्यांची खोकल्याची घरघर. मी तसंच म्हटलं. कौसाबाईनं डोळे मिटून घेतले. तिला दोघांपैकी कोण ऐकू आलं, मी विचारलं नाही. मला मात्र भाऊजी ऐकू आले.