बोलता येईल इतक्याच वेगाने चाकण

बायकांनी सायकल चालवली की पोटातलं सगळं जागचं हलतं, असं मला आरोग्य खात्याच्या एका साहेबांनी भर कचेरीत सांगितलं. मी उभी हयात इस्पितळात मेट्रन होते. म्हटलं, "डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायकांचं काय हलतं, तेही सांगा."

प्रश्न माझ्या भाचीचा होता. सुशीला शिकलेली नर्स, बाळंतपणं करते. तिला चाकणच्या आसपासच्या वाड्या द्यायच्या होत्या. तिथे एसटी जात नाही, सायकल हवीच. साहेब म्हणाले, "तुम्ही सोबत जा, आणि जमतंय की नाही ते खरं खरं येऊन सांगा. नाही जमलं तर पुरुष पाठवू." पुरुष! बाळंतपणाला!

तयारी आधीपासून चालू होती. पहिल्या आठवड्यात सुशीला चिंचवडहून देहूरोडपर्यंत जीव खाऊन सायकल मारत गेली. पोहोचल्यावर मी तिच्या हातात सुई-दोरा दिला. दोरा काही सुईत जाईना. मी म्हटलं, "या हातांनी तू कुणाला टाके घालणार?" तेव्हापासून आमचा एकच नियम होता: पायडल मारताना पाढा म्हणायचा. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. मध्येच धाप लागून पाढा तुटला, तर वेग कमी. मला कॉन्व्हेंटात असले पाढे कुणी शिकवले नाहीत, म्हणून मी सिस्टरांच्या प्रार्थना म्हणत असे. रोज सकाळी, कंटाळा येईल इतकं सावकाश. दोन-अडीच महिन्यांत तोच रस्ता, तीच नाडी, आणि वेग मात्र आपोआप वाढलेला. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

निघालो भल्या सकाळी. जाणाऱ्या बायकांनी नऊवारी नेसावी. पाचवारीचा घोळ चेनमध्ये जातो. पिंपरीत औषधाच्या कारखान्याकडे निघालेल्या पोरांचा घोळका मागून आला. एक ओरडला, "ओ आजी, पंचांग बघून पायडल मारताय का?"

"हो. तुझ्या लग्नाचा योग कुठे दिसत नाही," मी म्हटलं. त्याचे सोबती हसत हसत पुढे गेले.

कासारवाडीपुढे नाशिकचा रस्ता धरायचा. भोसरीत चहा आण्याला मिळतो, भजी बरी असतात, पण पोटभर खाऊ नका. मोशीला इंद्रायणीकडे उतार आहे. पलीकडचा चढ मान खाली घालून चढायचा, सायकलवरून उतरायला लाजायचं नाही. पुढे दोन्ही अंगांना ज्वारी, मध्येच बैलगाड्यांनी केलेले खड्डे. चाकणला कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत आमची सोय झाली होती त्या शाळामास्तरांच्या घरी उतरलो. सुशीलाने हातपाय धुऊन पिशवीतली कात्री, चिमटे उकळायला ठेवले. दमलेली दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात एक माणूस. शंकर त्याचं नाव, भामा नदीकडच्या वाडीतला. कुणाची तरी सायकल मागून आला होता. बायको आदल्या संध्याकाळपासून अडली होती.

गाडीवाटेवरून तो सायकल पुढे दामटू लागला. थोडं गेला की थांबून मागे ओरडायचा. "बाई, हाणा की जोरात! मरंल ती!"

ते ऐकून माझाच धीर सुटला. मी म्हटलं, "सुशीला, मार जोरात."

ती मागे न बघता म्हणाली, "मावशी, तुम्हीच शिकवलंय ना? मग बोलू नका." आणि तिचा पाढा चालू राहिला. न तुटता, वाडी येईपर्यंत.

दारात शंकरची आई उभी होती. "आल्या का? जत्रंला निघाल्यागत आल्या!" सुशीला सरळ आत गेली.

मूल बाहेर आलं ते निळं. आम्ही दोघींनी खूप केलं. ते रडलं नाही. आणि मग आईचं रक्त थांबेना. त्यापुढचं मी सविस्तर लिहीत नाही. एवढंच लिहिते की सुशीलाचे हात एकदाही थरथरले नाहीत. दुपार कलली तेव्हा ती बाई पाणी मागत होती.

शंकर ओसरीवर बसला होता. मूल त्याच्या मांडीवर, धोतराच्या तुकड्यात. त्याने विचारलं, "ताई, घटकाभर आधी आला असता तर?"

मला वाटलं, सुशीला नाही म्हणेल. आम्ही इस्पितळात तसंच म्हणायचो.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "कदाचित मूल वाचलं असतं. मला माहीत नाही. पण धापा टाकत आले असते, तर हिला वाचवता आलं नसतं. ते मला माहीत आहे."

त्याने मुलावरचा धोतराचा तुकडा नीट केला. मग म्हणाला, "आमची ही हाय, ते बी खरंच." निघताना म्हातारीने आमच्या हातावर गूळ ठेवला.

सुशीला चाकणलाच राहिली. मी एकटी परत आले आणि तशीच कचेरीत गेले. साहेबांना सगळं खरं खरं सांगितलं आणि म्हटलं, "तिला ठेवा."

"पण मूल गेलं म्हणता."

"गेलं. मी लपवत नाही. तुम्हीही लपवू नका, की त्या वाडीला मोटार जाईल असा रस्ता नाही. तो आधी करा, मग बायकांच्या पोटांची काळजी करा."

सुशीलाची नेमणूक कायम झाली. रस्ता अजून नाही.

मी रोज सकाळी सायकल काढते. या वयाला सावकाशच बरं, आणि तेच खरं शिकणं, हे आजही कुणालाही सांगेन. पण नाशिकच्या रस्त्याला वळले की पाय आपोआप जोर धरतात. धाप लागते, छाती भरून येते, पुढे कुणी वाट पाहत नसतं. आवरायला हवं, हे मला कळतं. भोसरी येईपर्यंत मी आवरत नाही.