इब्रीला जाऊन विचारलेलं ‘कशाला आलास?’

इब्रीला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही, असं मस्कतमधले आपले लोक सांगतात. खुशाल सांगू देत! शुक्रवारी सकाळी सहालाच मी मस्कतमधल्या आमच्या अझैबाहून गाडी काढली. शेजारी दहा वर्षांची लेक इरा, मागे डब्यात घावणे आणि चटणी.

कामं दोन होती. माझा धाकटा काका इब्रीत शिलाईचं काम करतो. त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरवलंय. मालवणजवळ गावी बाबा त्याची वाट बघतायत, पण हा पठ्ठ्या धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. “तू जाऊन काय ते एकदा वदवून घे,” बाबांनी फर्मावलं. दुसरं काम इराच्या शाळेचं. इंग्रज आपला देश सोडून लांब वसाहती करायला का गेले, यावर प्रोजेक्ट, आणि सोबत घर सोडून आलेल्या एका माणसाची मुलाखत.

रस्ता झकास आहे. टोल नाही, न रेंगाळता तीन तास पुरतात. टाकी मात्र मस्कतमध्येच भरा. निझवाच्या अलीकडे थांबून कडक चहा आणि गरम पराठा हाणला. बहलाचा मातीचा किल्ला बघायचा असेल तर शुक्रवारी जातानाच बघा, दुपारी दार बंद मिळेल.

इरा वाटभर कारणं वाचून दाखवत होती. बेकारी, धर्मावरून छळ, व्यापार, सोन्याच्या थापा. “आणि आई, यंगर ब्रदर्सना लँड मिळायचीच नाही. सगळं मोठ्या भावाला!”

“बरं झालं, तू एकुलती एक आहेस,” मी म्हटलं.

बाजार चारनंतर उघडणार होता, त्यामुळे काका निवांत होता. दुकानामागच्या खोलीत त्याने सुरमईचं कालवण केलं होतं. ओमानी लोकांचे पांढरे झगे ओळीने टांगलेले. जेवण झाल्यावर इराने वही उघडली आणि तिच्या शाळकरी मराठीत विचारलं, “आजोबा, तू कशाला आलास?”

मी कपाळावर हात मारला. नको असलेल्या पाहुण्याला दारात विचारतात तसा प्रश्न! “अगं, ‘तुम्ही इकडे का आलात’ असं विचार!”

काका हसला. मग हसू ओसरलं. “असू दे गं, बरोबर विचारलान तिनं,” तो म्हणाला. “घरात खोल्या दोन. एकीत आई-वडील. दादाचं लग्न ठरलं, तेव्हा दुसरी त्याला लागणार होती. मला जा असं कुणी म्हटलं नाही. मीच समजून घेतलं.”

“मग परत का जात नाहीस?” मी विचारलं.

तो वहीतल्या इराच्या प्रश्नाकडे बघत मालवणीत म्हणाला, “आणि दारात दादान इचारल्यान, ‘कित्याक इलंस?’ तर मी काय सांगू?”

मला रडूच फुटलं. काका पैशासाठी गेला, असं मी आयुष्यभर ठामपणे सांगत आले होते! इराने मात्र शांतपणे यादीतल्या ‘यंगर ब्रदर्स’वर खूण केली. तिला मी एवढंच सांगितलं, की इंग्रजांनी जाऊन दुसऱ्यांच्या जमिनी बळकावल्या, आजोबांनी स्वतःची सोडली. हे दोन्ही लिही.

संध्याकाळी घरी पोचताच बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम ओरडले, “गाढव आहे तो! मुलं गेली, घर रिकामं पडलंय, आणि हा जागेचं बोलतोय? थांब, माझा आवाज रेकॉर्ड कर आणि धाड त्याला.”

मी दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केलं. “कित्याक इलंस म्हणून नाय इचारूचंय. इतकी वर्सां थंय कित्याक रवलंस, ह्या इचारतलंय!” इतकी वर्षं तिकडे का राहिलास, एवढाच त्यांचा सवाल.

तुम्हीही इब्रीला जाणार असाल तर शुक्रवारीच जा. चारपर्यंत दुकानं बंद असतात, माणसं भेटतात. मी तिथून फोटो फारसे आणले नाहीत. काकाचं उत्तर मात्र जपून ठेवलंय. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: “दादाक सांग, खोलीच्या खिडकेची मापां धाड. पडदे शिवून आणतंय.”