सातभाईपुढचा आकडा

बारा डिसेंबर. पक्ष्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या बदलायच्या होत्या. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात हे काम बावीस वर्षं माझ्याकडं आहे. कापूस भरलेले पक्षी खणांत उताणे ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्या दिवशी नव्या विभागप्रमुखांनी आणखी एक काम सांगितलं. सातभाईंच्या खणातला आफ्रिकेचा पक्षी सातभाई नाहीच. जनुकं तपासून तो वटवट्यांच्या कुळातला ठरलाय.

"खण बदला, आणि ती जुनी चिठ्ठी टाकून द्या. उर्दूत आहे, कोण वाचणार?"

तो पक्षी आमच्या सरांचा. इथिओपियात डोंगरावरच्या एका शाळेत ते काही वर्षं शिकवायला होते. खिडकीच्या काचेवर आपटून मेलेला हा पक्षी त्यांनी स्वतः सोलून, भरून आणला होता. बुलबुलाहून जरा लहान. अंग राखी, कपाळ पांढुरकं, चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळं, आणि शेपटीच्या मुळाशी खालून विटकरी. उताणा असल्यामुळं आधी तो विटकरी रंगच दिसतो. सरांचं शालेय शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर ते मराठीत शिकले, मराठीत शिकवू लागले, पण घाईनं काही टिपायचं झालं की हात उर्दूकडं वळायचा.

मी त्यांची विद्यार्थिनी. एकदा वर्गात विचारलं होतं, "सर, सातभाई तर टोळीनं फिरतात. हा तिथं जोडीनं राहतो म्हणता, मग सातभाई कसा?"

"पुस्तकात आहे ते लिही."

मी लिहिलं. मार्क मिळाले.

मूळ चिठ्ठी कधीही काढायची नाही, हेही सरांनीच शिकवलेलं. त्यामुळं त्यांना विचारल्याशिवाय मी तिला हात लावणार नव्हते. दुपारी पक्षी बुटांच्या खोक्यात घातला आणि मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेले. सरांची नजर जवळपास गेलेली होती. खोकं मांडीवर घेऊन त्यांनी बोटांनी चोच चाचपली.

"हा का आला?"

मी सगळं सांगितलं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातूनच म्हणाल्या, "सातभाई काय न् वटवट्या काय, दोन्ही बडबडेच. आमच्या घरात एक हायच की."

सर हसले नाहीत. "एवढी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं मी," ते म्हणाले. मी चहा संपवला. धीर देणं मला जमत नाही.

"चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत सातभाई हा एकच शब्द आहे. त्याच्यापुढं काय आहे?" सरांनी विचारलं.

मला उर्दू येत नाही. "पुढं म्हणजे उजवीकडं ना? काही नाही."

"अगं, उर्दू डावीकडं चालते. पुढं म्हणजे डावीकडं."

मी भिंग लावलं. "शाईचा एक आकडा ओघळलाय, गळासारखा वाकडा."

"सरळ की उलटा?"

"उलटा. आरशात दिसावा तसा. खाली टिंब आहे."

सरांनी श्वास सोडला. "ओघळला नाय तो. प्रश्नचिन्ह आहे. उर्दूत ते असंच काढतात."

विभागाच्या रजिस्टरात नुसतंच 'सातभाई' होतं. सरांनी तोंडी सांगितलं तेवढंच कुणीतरी उतरवलेलं. तो आकडा मी दरवर्षी गोळ्या बदलताना पाहत होते आणि डाग समजत होते.

"मी त्याला गाताना ऐकलं होतं," सर म्हणाले. "नर मोकळ्या आवाजात गायचा, मादी मागून घुरघुरायची. सातभाई कधी गातो का? नुसता कलकलाट. तेव्हाच शंका आली होती."

"मग वर्गात का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला असावा, कारण काकूंनी वळून पाहिलं.

"तेव्हा कॉलेजातली नोकरी कायम व्हायची होती. पुस्तकाच्या विरुद्ध कोण बोलणार? भ्यालो, बाई." त्यांनी खोकं माझ्याकडं सरकवलं. "शंका चिठ्ठीवर लिहिली आणि तुम्हाला सांगितली नाही. खण बदल तू. पण पोरांना दाखवशील तेव्हा तो आकडा दाखव."

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. "आज नीट जेवतील का?" त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, "जेवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी विभाग उघडला. मराठीत नवी चिठ्ठी लिहिली, तारीख घातली आणि जुनीच्या खाली त्याच पायाला बांधली. विभागप्रमुखांना सांगितलं की मूळ चिठ्ठी राहील. रजिस्टरात 'सातभाई'पुढं लाल शाईनं तो आकडा काढला, चिठ्ठीवर आहे तसाच, उलटा. हिवाळ्यात आपल्या बाभळींवर येणारा छोटा वटवट्या ज्या खणात आहे, त्यात त्याच्या शेजारी जागा केली, गोळ्या टाकल्या. पण पक्षी लगेच आत ठेवला नाही. साडेआठला पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. तो ट्रेमध्ये ठेवला, दोन्ही चिठ्ठ्या वर करून, आणि शेजारी भिंग.